ऑपरेशननंतरचा तोल, पॅडलबोर्ड आणि लाटा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: चिपळूण परिसरातल्या ४३ वर्षांच्या एक शिक्षिका लिहितात. सात महिन्यांपूर्वी त्यांच्या डाव्या कानाच्या नसेवरची गाठ, म्हणजे अकूस्टिक न्यूरोमा, कानामागून ऑपरेशन करून काढली. गाठ कर्करोगाची नव्हती. डाव्या कानाने आता अजिबात ऐकू येत नाही आणि डावा डोळा झोपेत पूर्ण मिटत नाही. दिवसा सपाट रस्त्यावर त्या नीट चालतात. पण लाईट गेली, शेताच्या बांधावरून जावं लागलं किंवा फळ्यावर लिहिताना झटकन वर्गाकडे वळलं, की तोल जातो. घाटातल्या एसटी प्रवासाआधी त्या गोळी घेतात. फिजिओथेरपीचे व्यायाम दोन महिने केले, मग कंटाळून सोडले. गोव्यातल्या भावाने मे महिन्याच्या सुट्टीत त्यांच्यासाठी पाच दिवसांचा कोर्स ठरवला आहे: दोन दिवस पॅडलबोर्ड (रुंद बोर्डवर उभं राहून वल्हवायचं), तीन दिवस सर्फिंग. शिवाय 'जमलं तर तारकर्लीला स्कूबा'. त्या लहानपणी विहिरीत पोहायला शिकल्या, पाण्याची भीती नाही. सासूबाई आणि नवरा मात्र म्हणतात, डोक्याचं ऑपरेशन झालेल्या बाईने पाण्यात उतरूच नये. त्यांचा प्रश्न: 'सर्फिंगने माझा तोल परत येईल का? मला पूर्वीसारखं व्हायचंय. घरच्यांना कसं पटवू?'

प्रिय ताई,

मे महिन्यात सर्फिंग नको. पॅडलबोर्ड चालेल, पण दोन दिवसांत उरकण्यासारखा नाही. आणि घरातली तयारी झाल्याशिवाय दोन्ही नको. भावाकडे जाणं रद्द करायची गरज नाही, तिथे काय करायचं ते मात्र बदलावं लागेल.

'तोल परत येईल का' असं विचारताना तुम्ही धरून चाललात की डाव्या कानातलं काहीतरी बंद पडलंय आणि योग्य व्यायाम मिळाला की ते पुन्हा सुरू होईल. तसं होणार नाही. अंतर्कर्णात तोलासाठी पाच छोटे अवयव असतात. तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकं कुठे आणि किती वेगाने वळलं ते सांगतात. दोन पिशव्या सरळ रेषेतली हालचाल आणि खाली कुठे, वर कुठे हे सांगतात. या गाठीच्या ऑपरेशनमध्ये त्या बाजूची तोलाची नस बहुधा कापावीच लागते आणि ती पुन्हा जुळत नाही. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत खोली फिरत होती, कारण उजवा कान बोलत होता आणि डावा गप्प होता. या फरकाचा अर्थ मेंदू 'आपण सतत उजवीकडे वळतोय' असा लावत होता. तो गोंधळ मेंदूने आपणहून मिटवला. आता उरलाय तो दुसरा भाग, हालचाल करतानाचा तोल. तो आपणहून शिकला जात नाही, सरावानेच येतो. एका कानावर, डोळ्यांवर आणि तळपाय-घोट्यांकडून येणाऱ्या जाणिवेवर मेंदूने नवा हिशेब बसवायचा असतो.

म्हणूनच अंधारात आणि बांधावर तुमची अडचण होते. अंधारात डोळे बाद होतात, बांधावर पायांची बातमी भरवशाची राहत नाही, आणि उरलेल्या एका कानावर सगळा भार पडतो. फळ्याकडून वर्गाकडे झटकन वळताना वेगळीच गोष्ट घडते. डोकं वळत असताना डोळे एका जागी स्थिर ठेवण्याचं काम कान करतो. डाव्या बाजूला वेगाने वळलं की ते काम अर्धवट होतं, चित्र क्षणभर घसरतं आणि पाय डगमगतात. डावीकडे वळताना जास्त होतं का, हे एकदा मुद्दाम पाहा. बहुधा तसंच निघेल.

व्यायाम कंटाळवाणे होते हे मान्य. पण ते सुटण्यामागे दुसरंही कारण असावं. चक्कर आली की अपाय होतोय, थांबायला हवं, असं आपल्याला वाटतं. इथे उलट आहे. चित्र घसरणं, थोडं गरगरणं हीच मेंदूला मिळणारी चूक आहे आणि त्या चुकीतूनच तो दुरुस्ती करतो. मान आखडून, खांद्यांसकट वळून चक्कर टाळत राहिलं तर शिकण्यासारखं काही समोर येतच नाही. मात्र मात्रा जपावी लागते. चक्करेला ० ते १० असे गुण द्या. व्यायामाने दोन-तीन गुण वाढले आणि पंधरा-वीस मिनिटांत उतरले, तर मात्रा बरोबर. तासाभरानंतरही डोकं जड राहिलं, उलटी झाली किंवा दुसरा दिवस वाया गेला, तर मात्रा जास्त झाली. पुढच्या वेळी निम्मी करा, सोडू नका.

गोळीबद्दल. गाडी लागू नये म्हणून मिळणाऱ्या सिनॅरिझिनसारख्या गोळ्या तोलाच्या यंत्रणेचा आवाजच कमी करतात. घाटातल्या प्रवासापुरती कधीतरी घेतली तर बिघडत नाही. पण रोज घेत असाल, तर ती शिकण्याच्या आड येते. स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना हे नेमकं विचारा. आणि अंथरुणात कूस बदलताना किंवा आडवं होताना मिनिटभराच्या आत थांबणारी जोरदार गरगर होत असेल, तर तो वेगळा आजार असू शकतो. कानातले सूक्ष्म खडे जागा सोडतात तेव्हा असं होतं. डोक्याच्या ठरावीक हालचाली करून तज्ज्ञ ते जागेवर आणतात. त्यासाठी बोर्डची गरज नाही.

आता घरातली तयारी. हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा, त्याहून बरं म्हणजे भिंतीवर एक अक्षर चिकटवा. नजर त्या अक्षरावर खिळवून मान 'नाही' म्हणतो तशी डावी-उजवीकडे हलवा. मोठी हालचाल नको, वेग हवा. अक्षर किंचित धूसर होऊ लागेल त्याच्या अगदी अलीकडचा वेग धरा. एक मिनिट झालं की विश्रांती, मग 'हो' म्हणतो तशी वर-खाली एक मिनिट. दिवसातून चार-पाच वेळा, सगळं मिळून वीसेक मिनिटं. आधी बसून, मग उभं राहून, मग पाय जोडून, मग चालताना. बहुतेक जण इथेच चुकतात: अक्षर स्पष्ट दिसेल इतक्या हळू महिनोन्महिने मान हलवतात आणि व्यायामाचा उपयोग नाही म्हणतात. तुम्हीही कंटाळलात ते कदाचित व्यायाम पुढे सरकलाच नाही म्हणून.

उभं राहण्याचा सराव खोलीच्या कोपऱ्यात करा. पाठीशी दोन भिंती आणि समोर खुर्चीची पाठ असली की पडायची भीती नाही. पाय जोडून, डोळे मिटून उभं राहा. ते जमलं की फोमच्या गादीचा तुकडा पायाखाली घ्या आणि डोळे उघडे ठेवून तेच करा. दुमडलेली गोधडी लवकर दबते, ती कामाची नाही. मग एका पायावर, मग टाचेला बोटं लावून चालणं. मग घरापासून मुख्य रस्त्यापर्यंत चालताना दर तीन पावलांनी मान डावीकडे-उजवीकडे.

पाण्यावर जायची लायकी कशी ओळखायची? माझा निकष असा: जमिनीवर पाय जोडून, डोळे मिटून ३० सेकंद, फोमवर डोळे उघडे ठेवून ३० सेकंद, दोन्ही पायांवर वेगवेगळं निदान १० सेकंद, मान वळवत वीस पावलं सरळ, आणि जमिनीवरून, कशाचाही आधार न घेता, गुडघ्यावरून उठणं. शेवटची गोष्ट लोक विसरतात, पण बोर्डवर उभं राहणं म्हणजे नेमकं तेच. फोमवर डोळे मिटून उभं राहणं मात्र निकषात धरू नका. एका बाजूची नस गेलेल्या अनेकांना ते कायम अवघड राहतं.

एवढं झालं की बोर्ड उपयोगी पडतो. तो हलता असतो, त्यामुळे घोटे आणि कंबर सतत छोट्या दुरुस्त्या करतात. पायाखालचा आधार बेभरवशाचा असूनही शरीर उभं ठेवायचा सराव होतो, आणि बांधावर तुम्हाला तेच हवंय. तो कंटाळवाणाही नाही, आणि न कंटाळता महिनोन्महिने करता येणारा व्यायाम मिळणं ही साधी गोष्ट नाही. पण पॅडलबोर्ड हा उपचार नाही, घरच्या व्यायामाची जागा तो घेऊ शकत नाही. कारण नवशिक्या माणूस बोर्डवर मान ताठ करून समोर एका बिंदूकडे बघत राहतो. पडू नये म्हणून हे बरोबरच आहे, पण डोळे आणि कान यांचा मेळ बसवायला मान हलायला हवी. मान आखडून तासभर वल्हवलं तर पोटऱ्या दुखतील, फळ्यापाशी वळताना मात्र तितकंच डगमगायला होईल. बोर्डवर मान मुद्दाम कशी हलवायची ते पुढे सांगते.

त्याआधी विहीर. तुमच्या पत्रातली मला सर्वात जास्त काळजी वाटली ती 'पाण्याची भीती नाही' या वाक्याची. पाण्याखाली शरीर तरंगतं, तळपायांना जमीन नसते, म्हणजे पायांची बातमी जवळजवळ बंद. गढूळ पाण्यात किंवा डोळे मिटले की नजरही बंद. मग वर कुठे हे फक्त कान सांगतो, आणि तुमच्याकडे एकच आहे. तोलाची नस गेलेली, उत्तम पोहणारी माणसं पाण्याखाली दिशा हरवून तळाकडे पोहत गेली, असं होऊ शकतं. म्हणून विहिरीत सूर मारणं, रात्री पोहणं, एकटीने पोहणं आता बंद. बोर्डच्या आधी तरणतलावात, छातीएवढ्या पाण्यात, शेजारी माणूस उभा ठेवून, गॉगल लावून सराव करा. पाण्याखाली जा, डोळे उघडे ठेवा, तोंडाने थोडी हवा सोडा आणि बुडबुडे कुठे जातात ते पाहा. बुडबुडे जातात ती वरची बाजू. ही सवय अंगवळणी पडली पाहिजे. श्वासासाठी मान झटक्याने वळवावी लागते असं पोहणं सुरुवातीला चक्कर आणेल. डोकं वर ठेवून बेडूक पद्धतीने किंवा पाठीवर पोहा.

याच कारणाने लाईफ जॅकेट सक्तीचं. नुसतं नावाला नाही: कमीत कमी ५० न्यूटन तरंगक्षमतेचं, अंगावर बांधल्यावर खांद्यापाशी धरून कोणी वर ओढलं तर हनुवटीच्या वर न सरकणारं. कमरेला बांधायचे, दोरी ओढल्यावर फुगणारे पट्टे बोर्डवाले हल्ली देतात. ते तुमच्यासाठी नाहीत. दिशा हरवलेल्या क्षणी दोरी शोधायची कोणी?

बोर्ड सुमारे १०.५ ते ११ फूट लांब आणि निदान ३३ इंच रुंद मागा. हवा भरायचा असेल तर साधारण ६ इंच जाडीचा, आणि त्यावर लिहिलेल्या दाबापर्यंत भरलेला, बहुधा १२ ते १५ पीएसआय. भाड्याने देणारे घाईत आठ-दहावर थांबतात. मग उभं राहिल्यावर बोर्ड मध्ये खचतो, डुगडुगतो, आणि नवीन माणसाला वाटतं आपलाच तोल वाईट. बोर्ड उचलायला मधोमध मूठ असते, तिच्यापाशी उभं राहून कोणाला तरी बाजूने बघायला सांगा. बोर्ड केळ्यासारखा वाकला असेल तर हवा कमी आहे. वल्हं तुमच्या उंचीपेक्षा ८ ते १० इंच लांब. पातं दांड्याशी थोडं वाकलेलं असतं. तो बाक पुढच्या दिशेला, बोर्डच्या नाकाकडे हवा. उलटं धरणं ही सर्रास होणारी चूक.

पहिल्या दिवशी उभं राहू नका. आधी कमरेएवढ्या पाण्यात पडायचा सराव: बोर्डपासून दूर, बाजूला, हातपाय पसरून, सपाट. डोकं खाली घालून कधीच नाही. पडताना वल्ह्याकडे झेप घेऊ नका, ते तरंगतं. मग वर चढायचा सराव: मधली मूठ धरायची, पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागावर आणून मारायचे आणि पोटावर सरकत वर यायचं. हे चार-पाच वेळा विनासायास जमलं की गुडघ्यांवर बसा, मूठ दोन गुडघ्यांच्या मध्ये. दहा-पंधरा मिनिटं असंच वल्हवा. चार-पाच वल्ही एका बाजूला, मग दुसऱ्या. पातं पूर्ण बुडवून, घोट्यापर्यंत ओढून बाहेर. पातं पाण्यात असतं तेव्हा ते आधार देतं. म्हणून बहुतेक माणसं बाजू बदलताना पडतात, जेव्हा वल्हं हवेत असतं. बाजू बदलताना गुडघे थोडे अधिक वाकवा आणि घाई करू नका.

नजर पाण्यावर नको. पायाजवळच्या सरकत्या लहरींकडे बघितलं की ज्याचा डोळ्यांवर जास्त भरवसा असतो त्याला आपणच सरकतोय असं वाटतं, आणि तुमचा भरवसा सध्या डोळ्यांवरच आहे. किनाऱ्यावरचा एक माड धरा, क्षितिज धरा. गुडघ्यांवर स्थिर वाटू लागलं की मान आणा मधे: दहा वल्ही झाली की थांबा, पातं पाण्यात ठेवा, डावीकडच्या झाडाकडे बघा, परत समोर. मग उजवीकडे. मग आभाळ आणि बोर्डचं नाक. प्रशिक्षकाने बोर्ड धरला असेल आणि पाणी कमरेएवढं असेल तर गुडघ्यांवर बसूनच तीन सेकंद डोळे मिटा. उभं राहून डोळे मिटायची गरज नाही, कधीच.

उभं राहायचं ते तिसऱ्या-चौथ्या खेपेला. हात बोर्डवर, एक पाऊल मुठीच्या बाजूला, मग दुसरं, पाय खांद्याएवढे लांब, बोटं समोर, आणि वर आल्याबरोबर पहिलं वल्हं पाण्यात. स्तब्ध उभं राहिलं की बोर्ड जास्त डुलतो, थोडा वेग असला की स्थिरावतो. एका खेपेला बोर्डवर वीस-पंचवीस मिनिटं पुरेत. एक दिवस आड, आठवड्याला दोन-तीन खेपा. सलग पाच दिवस दोन-दोन तास हे तुमच्या मेंदूला झेपणारं नाही. थकल्यावर नवा हिशेब ढेपाळतो आणि जुनी चक्कर डोकं वर काढते. जमिनीवर आल्यावर काही वेळ सगळं हलतंय असं वाटेल. ते चालेल, पण त्या दिवशी लगेच गाडी चालवू नका.

जागा आणि वेळ. तुमच्या दाराशी वाशिष्ठी आहे म्हणून मोह होईल, पण तिथे मगरी आहेत. तिथे नको. तारकर्ली-देवबागची कर्ली नदी समुद्राला समांतर वाहते, पाणी संथ असतं. गोव्यात साळ किंवा शापोरा नदीचे आतले पट्टे तसेच. पण खाडीत भरती-ओहोटी बघितल्याशिवाय उतरू नये. तिथीच्या पाऊणपट केलं की मुंबईकडे पूर्ण भरतीची वेळ अंदाजे मिळते: अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. दक्षिणेकडे ती थोडी अलीकडे सरकते, ती स्थानिक होडीवाल्याकडून पक्की करा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याची ओढ जोरात असते. भांगाचे, म्हणजे ओढ कमी असते ते अष्टमीच्या आसपासचे दिवस निवडा. दशमीच्या सुमाराला ओढही कमी आणि सकाळी भरतीही भरत आलेली असते. पूर्ण भरतीच्या आधीचा तास उत्तम: दमलात तरी पाणी तुम्हाला आत ढकलेल, मुखाकडे नेणार नाही. भरती उलटली की बाहेर या.

वारा पहाटे-सकाळी मतलई असतो, जमिनीकडून समुद्राकडे. किनाऱ्यालगत पाणी आरशासारखं दिसतं, पण उभं राहिलेल्या माणसाचं अंग शिडासारखं काम करतं आणि बोर्ड खोल पाण्याकडे निघतो. समुद्रात हा वारा धोक्याचा, आतल्या नदीत तितका नाही. दुपारी खारा वारा सुटला की लहरी उठतात, त्याआधी आटपायचं. बोर्डची पायाला बांधायची दोरी उघड्या, संथ पाण्यात हवीच. खाडीत मात्र मासेमारीचे खुंट, जाळी, होड्यांचे दोर असतात. ओढीत दोरी अडकली तर वाकून घोट्यापर्यंत हात पोचत नाही. अशा जागी कमरेला बांधायची, एका हिसक्यात सुटणारी दोरी मागा. नसेल तर जागा बदला.

आता सर्फिंग. लोक त्याला पॅडलबोर्डची पुढची इयत्ता समजतात. तोलाच्या दृष्टीने ती वेगळीच शाळा आहे. पोटावरून एका झटक्यात उभं राहायचं, म्हणजे डोकं खालून वर वेगाने येणार. पडणं अपवाद नाही, दर मिनिटाची गोष्ट. फेसाळत्या पाण्यात गरगरत गेलं की बुडबुडे सगळीकडे असतात, वरची दिशा दाखवायला कामाचे नाहीत. शिकवणीत जॅकेट बहुधा देत नाहीत, कारण पोटावर झोपून हात मारता येत नाहीत. शिवाय बोर्ड डोक्यावर आपटतो. तुमचं ऑपरेशन कानामागून झालंय, तिथे हाडाचा तुकडा काढलेला असतो. ती जागा काय घालून बंद केलीय, तिथे मार चालेल का, हे फक्त तुमचे सर्जन सांगू शकतात.

म्हणून लाटांसाठी पुढच्या हिवाळ्याआधी विचार नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत गोव्याच्या किनाऱ्यावर छोट्या लाटा मिळतात. मेच्या उत्तरार्धात समुद्र खवळायला लागतो आणि पावसाळ्यात तर प्रश्नच नाही. तेव्हाही मऊ फोमचा, ८-९ फुटांचा बोर्ड, हेल्मेट, कमरेएवढं पाणी आणि फुटून गेलेल्या लाटेचा फेस, एवढ्यावर थांबा. आधी फक्त पोटावर झोपून किनाऱ्यापर्यंत या, मग गुडघ्यांवर. पडताना सपाट, उथळ, दोन्ही हात डोक्याभोवती, आणि पाय टेकेपर्यंत हात काढायचे नाहीत. लाटा फुटतात त्यापलीकडे, पाय न टेकणाऱ्या पाण्यात जाणं तुमच्यासाठी नाही. खूप शिकल्यानंतरही माझं मत बदलणार नाही. फेसात गुडघ्यांवरून किनाऱ्याला येण्यातही तोलाला भरपूर काम मिळतं.

स्कूबा तर नकोच. खोल, दाबाखालचं पाणी आणि कानाचं-कवटीचं ऑपरेशन हा सर्जन आणि डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचा विषय आहे. किनाऱ्यावर फॉर्म भरून ठरवायचा नाही. त्या फॉर्मवर ऑपरेशन लपवू नका.

डोळा आणि कान. न मिटणाऱ्या डोळ्यात खारं पाणी, वारा आणि वाळू गेली तर बुबुळाला जखम होते, आणि संवेदना कमी असेल तर ती कळतही नाही. बाजूने बंद असलेला चष्मा, चकाकी कमी करणारा असेल तर उत्तम. पाण्याआधी आणि नंतर डॉक्टरांनी दिलेले थेंब. डोळा लाल झाला की त्या दिवसापुरता पाण्याला रामराम. उजवा कान आता एकटा आहे. त्यात बोळा घातला तर पाण्यात तुम्ही पूर्ण बहिऱ्या, प्रशिक्षकाची हाक ऐकू येणार नाही. म्हणून बोळा नको, बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन कोरडा करायचा. त्या कानाच्या पडद्याला भोक असेल तर मात्र आधी कानाच्या डॉक्टरांना विचारा. एका कानाने आवाज कुठून आला हे कळत नाही. शिट्टी वाजली तर तुम्ही भलतीकडे बघाल. प्रशिक्षकाला पहिल्या पाच मिनिटांत सांगा: माझ्या उजवीकडे राहा, हाताच्या तीन खुणा ठरवू, थांब, बस, किनाऱ्याला चल. हे ऐकून जो चिडेल त्याच्याकडे शिकू नका.

राहिले घरचे. 'पटवू कसं' या प्रश्नात ते चुकीचे आहेत असं तुम्ही धरलंय. सासूबाईंच्या डोळ्यांसमोर अजून हॉस्पिटलमधली तुम्ही आहात, आणि विहीर, रात्र, लाट यांबद्दलची त्यांची भीती बिनबुडाची नाही, हे वर आलंच. चुकतंय ते एवढंच, की बसून राहणं सुरक्षित असं त्यांना वाटतं. मान न हलवता बसून राहिलात तर बांधावर आणि अंधारात पडायचा धोका तसाच राहतो. वाद घालण्यापेक्षा सर्जनच्या पुढच्या भेटीला नवऱ्याला बरोबर न्या आणि त्यांच्यासमोर विचारा: जखम आणि हाड पाण्यासाठी तयार आहे का? वाकणं, जोर लावणं चालेल का? डोक्याला मार लागला तर काय? कुठल्या लक्षणांवर लगेच फोन करायचा? खाली वाकल्यावर नाकातून पाण्यासारखा थेंब येणं किंवा घशात खारट चव उतरणं, वाढती डोकेदुखी, ताप, दोन-दोन दिसणं, चेहरा नव्याने ओढल्यासारखा होणं, ही लक्षणं दिसली तर वाट बघायची नाही. मग तोलाचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे पुन्हा जा, आणि एकदा सासूबाईंनाही न्या. कोपऱ्यात, खुर्चीमागे तुम्ही डोळे मिटून उभ्या राहता हे त्यांनी स्वतः पाहिलं की बोलणं सोपं होईल.

'पूर्वीसारखं' या शब्दाबद्दल थोडं थांबायला हवं. फळ्यापाशी वळणं, गर्दीतून चालणं, घाटातली एसटी, यात खूप सुधारणा होऊ शकते, सात महिन्यांनंतरही आणि वर्षानंतरही. काळोखातला बांध मात्र कदाचित कायम सावधपणेच ओलांडावा लागेल. उशाशी बॅटरी, न्हाणीघराच्या वाटेवर रात्रीचा दिवा, पावसाळ्यात हातात काठी, हे आजच सुरू करा. ऑपरेशनने जे गेलं त्याची ही भरपाई आहे, हरल्याची खूण नाही.

भावाला सांगा: सर्फिंगचे तीन दिवस आणि स्कूबा रद्द. मेच्या पहिल्या पंधरवड्यात, भांगाच्या दिवसांत, एक दिवस आड तीन सकाळी नदीवर एकाच प्रशिक्षकाबरोबर वीस-पंचवीस मिनिटं, गुडघ्यांवर. तेही सर्जनने हो म्हटलं आणि वरचे निकष एप्रिलअखेर पुरे झाले तरच. नाही झाले तर त्या सकाळी तरणतलावात छातीएवढ्या पाण्यात घालवा आणि बोर्ड नोव्हेंबरवर ढकला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वहीत तीन आकडे लिहा: एका पायावर किती सेकंद, फोमवर किती सेकंद, आणि फळ्यापाशी डावीकडे वळल्यावर चक्करेला दहापैकी किती गुण. पुढची खेप वाढवायची की थांबायचं, ते या आकड्यांवरून ठरवा.